आणखी कुणी यायचंय का?

नाग्या, तुझ्या मातीला किती माणसं होती हे मला विचारू नकोस. मी सांगेन ते तू मानणार नाहीस. निमगाव केतकीच्या आठवडी बाजाराला जमतात त्याच्या दुप्पट होती, स्मशानाच्या भिंतीवर बसायला जागा नव्हती, बाभळी माणसांनी वाकल्या होत्या आणि उजनीवरचे फ्लेमिंगोसुद्धा डोक्यावरून एक फेरी मारून गेले, असं मी भिगवणात सगळ्यांना सांगतोय. "शाज्या, या दिवसांत फ्लेमिंगो नसतात," असं तू लगेच म्हणाला असतास. म्हणून आधीच सांगतो, नव्हते. बगळे होते. ते पण शेजारच्या उसाला पाणी चालू होतं म्हणून आले होते.

हा अंक काढणाऱ्या पोरांनी मला बजावलंय, "शहाजीकाका, सरांचा जन्म, शिक्षण, पुस्तकं हे आम्ही वेगळ्या चौकटीत देतोय. तुम्ही फक्त आठवणी लिहा. आणि खऱ्या लिहा." 'खऱ्या' म्हणताना त्यातल्या एकानं चष्मा वर सरकवला, अगदी तुझ्यासारखा. विद्यार्थी तुझाच, दुसरं काय. तर वाचणाऱ्यांना एवढंच सांगून टाकतो, की मी भिगवणला हायवेला मच्छीची खानावळ चालवतो, तू बारामतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचास आणि पुस्तकं लिहायचास, आपण दोघं निमगावच्या शाळेत एका बाकावर होतो, आणि सरकारनं तुला देशाचा शत्रू ठरवून आत टाकलं तो तू आतच गेलास. बाकी सगळं तुझं नि माझं भांडण आहे.

भांडणाची सुरुवात तुमच्या उंबऱ्यावर झाली. दिवेलागणीला तुझी आई, मी तिला मावशी म्हणायचो, तुला पंचशील म्हणायला बसवायची आणि मी उंबऱ्यावर बसून तुझ्याबरोबर म्हणायचो. आमच्या घरी कळलं असतं तर मला कपड्यांसकट विहिरीत बुचकळून काढलं असतं. पण मावशीच्या हातचं सुकटीचं कालवण पंचशील झाल्याशिवाय मिळायचं नाही, आणि त्या कालवणासाठी मी पंचशील काय, पंचांगही पाठ केलं असतं. पहिली तीन शीलं मी खणखणीत म्हणायचो. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की मला खोकला यायचा.

"शाज्या, खोकला बरुबर चौथ्यालाच कसा येतो रं?"

"मावशी, माझा घसा लई प्रामाणिक हाय."

"ऱ्हाऊ दे. खोटं म्हणन्यापरीस खोकलेला बरा."

आणि तू? तू चौथं शील असं म्हणायचास, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. पुढं जन्मभर तू तेवढ्याच आवाजात ते पाळलंस. तुझ्यासारखा माणूस मित्र म्हणून मिळणं म्हणजे पायात कायमचा काटा घेऊन चालणं. काटा काढला तर चालणंच सुटतं, हीच पंचाईत.

तुझं म्हणणं असायचं, की खोटं हे वरच्याचं हत्यार आहे. खालच्यानं ते उचललं, की तो वरच्याचीच चाकरी करतो आणि शेवटी ते त्याच्यावरच उलटतं. मी म्हणायचो, गरिबाकडं दुसरं हत्यार हायच कुठं? माझ्या खानावळीत बसून, चिलापीचा काटा काढत काढत तू मला समजावायचास. "सत्ता म्हणजे कालवा, शाज्या. तोंडाशी, हेडला बसलेल्यांची पोटं भरली की शेवटच्या, टेलच्या माणसाला कळवायचं, पाणी सोडलंय. सोडलेलं खरं असतं. पोचलेलं नसतं." तुझ्या सगळ्या जाडजूड पुस्तकांत मला एवढंच कळलं, आणि एवढंच त्यांनाही कळलं असावं. बाकीचं कळलं असतं तर तुला आत टाकायच्या आधी निदान पुस्तक तरी वाचून काढलं असतं.

पोलिस घरी आले तेव्हा तू काय केलंस हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, शहाजी नेहमीसारखा फेकतोय. आयुष्यात मी खरी सांगितलेली ही एकच गोष्ट आणि नेमकी तीच कुणाला पटत नाही. त्यांनी घर उचकटलं, कपाटं रिकामी केली, पुस्तकांची पोती भरली, दमले आणि निघाले. तर तू स्टूल घेऊन माळ्यावर चढलास, धूळ खात पडलेला एक गठ्ठा काढलास आणि त्यांच्या हातात दिलास. म्हणालास, "हे राहिलं." अरे, चोरसुद्धा एवढं सहकार्य करत नाही!

मग ते दोषारोपपत्र आलं. नाग्या, मी इंदापूर तालुक्यातला एक नंबरचा थापाड्या. वाम माशानं ट्रॅक्टर ओढून उजनीत नेला, ही माझी थाप सोलापूरपर्यंत चालते. पण तो कागद तुझ्या वकीलबाईंनी मला वाचून दाखवला आणि मी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. धरणात बुडालेल्या देवळात तू हत्यारं लपवली होतीस म्हणे. माझ्या खानावळीतलं चिलापीचं ताट म्हणजे गुप्त बैठकीची व्यवस्था. तुझा टेलचा माणूस म्हणजे सांकेतिक नाव. एवढी लांबलचक थाप, आणि सांगणारा कुठं हसत नाही की अडखळत नाही! मी आपला लहान माणूस. माझ्या थापेनं लोक फार तर एक ताट जास्त जेवतात. त्यांच्या थापेनं तू आत गेलास आणि खटला कधी उभाच राहिला नाही. तारीख, मग तारीख, मग साहेब रजेवर, मग पुन्हा तारीख. थाप चांगली असली की पुरावा लागत नाही, हे मी तुला शाळेपासून सांगत होतो.

आता मावशीचं.

तू आत गेल्यावर मी दर बाजाराला मावशीकडं जायचो आणि तुझी खबर द्यायचो. खबर म्हणजे अर्थात माझीच. तुरुंगातला मोठा साहेब तुला सर म्हणतो, तू दिसलास की खुर्ची सोडतो. तू कैद्यांचा वर्ग घेतोस, शिपाईसुद्धा मागं बसून टिपण काढतात. मावशी भाकरी थापत ऐकायची.

"आन् जेवाय काय देत्यात?"

"दर बुधवारी मटण."

"त्याला मटण सोसत न्हाय."

"म्हणून तर अंडी देत्यात, मावशी. येगळं पातेलं हाय त्याचं."

"येगळं पातेलं?" भाकरी उलटताना ती म्हणायची. "व्हय, ते देतील. येगळं पातेलं ठेवायची लोकांना सवयच हाय."

एवढंच. माझ्या एवढ्या सुंदर थापेच्या अशा चिंध्या ती करायची आणि वर मला कालवण वाढायची.

मग तिनं अंथरूण धरलं, आणि एक दिवस मला जवळ बोलावून कामाचं बोलली. आपल्याकडं रिवाज आहे, की सगळं रचून झालं, अग्नी द्यायची वेळ आली, की जाणता माणूस मोठ्यानं विचारतो, "आणखी कुणी यायचंय का?" लेक वाटेत असेल, मुलगा लांबून निघाला असेल, तर घरचा कुणीतरी म्हणतो, "थांबा." मग ऊन असो, वास सुटो, माणसं थांबतात. "कुणी न्हाय" म्हटलं, की लावतात.

"मी गेल्याव ते इचारतील," मावशी म्हणाली. "काय सांगायचं तेवढं नाग्याला इचारून ये. त्याच्यासाठी थांबायचं का न्हाय. तो म्हनंल तसं."

विचारायचं कसं? तुरुंगात भेट फक्त वकिलाला आणि रक्ताच्या नात्याला. वकीलबाईंची पुढची भेट महिन्यानं होती, आणि मावशीकडं तेवढे दिवस नव्हते. तुझं रक्ताचं नातं म्हणजे वडगाव निंबाळकरचा तुझा चुलत भाऊ भास्कर. दूध डेअरीवाला. तुला पकडल्याची बातमी आली त्याच आठवड्यात त्यानं पेपरात जाहीर सूचना दिली होती, की सदर इसमाशी आमचा कसलाही संबंध उरलेला नाही. मी त्याच्या डेअरीवर गेलो.

"भास्कर, चल. चुलती मरायला टेकलीय तुझी."

"आज टँकर यायचाय."

"उद्या चल."

"टँकर उद्या बी येतो, शहाजीराव. दूध काय सुट्टी घेतंय का?"

"मग तुझं आधार कार्ड दे. मी जातो भास्कर होऊन."

त्यानं लगेच दिलं. इतक्या आनंदानं त्यानं दुधात पाणीसुद्धा कधी घातलं नसेल. वर दारापर्यंत आला आणि कानात म्हणाला, "जा खुशाल. फकस्त माझं नाव कुठं येऊ देऊ नका." आता कार्ड भास्करचं, नाव भास्करचं, जायचं भास्कर म्हणून, आणि नाव भास्करचं येऊ द्यायचं नाही! फोटोची मात्र मला काळजी नव्हती. आधार कार्डावर अख्ख्या महाराष्ट्राचं तोंड एकसारखं असतं, नुकतंच काहीतरी अंगावरून गेल्यासारखं.

मी सगळी तयारी केली. भास्करसारखा भांग पाडला. तुमच्या आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव घोकलं. दारावर, दुसऱ्या दारावर, झडतीत, सगळीकडं मी भास्कर होतो, आणि खोटं सांगत नाही, खऱ्या भास्करपेक्षा चांगला भास्कर होतो. काचेसमोर बसलो. पलीकडून तुला आणलं. दाढी पांढरी, मान कोंबडीसारखी झालेली, सदरा दुसऱ्या कुणाचा तरी. तू फोन कानाला लावलास. मी मावशीचा प्रश्न जिभेवर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात मागच्या साहेबानं रोजच्या सवयीनं, वर न बघता तुला विचारलं, "चुलत भाऊ ना हे?"

नाग्या, बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मान हलवली असतीस तरी चाललं असतं. नुसता खोकला असतास तरी चाललं असतं!

तू माझ्याकडं बघितलंस, हसलास, आणि म्हणालास, "नाही. हा माझा मित्र आहे. शहाजी."

काय अभिमानानं म्हणालास रे! जसं काही सत्कार समारंभात माझी ओळख करून देतोयस. फोन बंद झाला. तुला दंडाला धरून उठवलं. जाताना काचेआड तुझे ओठ हलत होते. "आई कशी आहे?" असंच असणार. दुसरं काय विचारणार होतास? आणि इकडं मला बाहेरच्या खोलीत नेलं. भिगवणात मी सांगतो, की पाच जण अंगावर आले आणि त्यातले तिघं मी लोळवले. एकच होता. एकच बसली, आणि मला गेटाबाहेर काढलं. आणि मी रडलो, ती लागली म्हणून नव्हे.

वकीलबाई नंतर म्हणाल्या, "तिथं वर कॅमेरा होता. सर 'हो' म्हणाले असते तर ते मागाहून उघडं पडलं असतं आणि खोट्या नावानं आत शिरलेला साथीदार म्हणून तुम्हालाही धरलं असतं. सरांनी तुम्हाला वाचवलं." असेल. शहाण्या बाई आहेत. पण मला ते पटत नाही, कारण मी तुला ओळखतो. मला वाचवायला तू खरं बोललास, की खरं बोलायला मला मारात ढकललंस, हे मी रोज चिलापी साफ करताना विचारतो. मासा तोंड उघडतो. बोलत नाही.

परतीच्या एसटीत मी तुझं उत्तर रचलं. असं फर्मास रचलं, की माझेच डोळे भरून आले. शेजारचा प्रवासी विचारायला लागला, घरी काही झालंय का. पण दारात पाऊल ठेवलं आणि मावशी म्हणाली, "गालाला काय झालं?"

संपलं. चार बोटं उमटलेल्या गालानं थाप मारता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं, भास्करच्या भांगापासून तुझ्या 'मित्र'पर्यंत. मावशीनं आधी माझा गाल चाचपला. मग हसायला लागली. हसता हसता तिला असा ठसका लागला, की मला वाटलं आत्ताच जाते. पाणी पिऊन ती म्हणाली, "माझाच हाय."

आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "इतकं खरं बोलनाऱ्याला कोन सोडतंय रं? तो काय येत न्हाय. तात्यांना बोलव हिकडं."

भावकीतले जाणते तात्या आले. त्यांच्यासमोर तिनं माझ्याकडून वदवून घेतलं, "मातीला कुणी इचारलं तर काय म्हनायचं?"

"कुणी न्हाय म्हनायचं."

"आसं. मला उन्हात ठेवू नगा."

मावशी गेली. रचून झालं. तात्यांनी विचारलं, "आणखी कुणी यायचंय का?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. भास्करनं मोबाईलमध्ये बघितलं. मी म्हणालो, "कुणी न्हाय."

चिता बसली, माणसं हातपाय धुवायला उठली, आणि रस्त्यावर धूळ उडवत पोलिसांची गाडी आली. तुला सोडलं होतं! काही तासांपुरतं, बंदोबस्तात, पण सोडलं होतं. मावशीनं सगळ्या जगाला बरोबर ओळखलं होतं, फक्त एका कुठल्या तरी साहेबाच्या सहीला ओळखलं नव्हतं. तू उतरलास. हाताला कडी, कडीला दोरी, दोरी शिपायाच्या मनगटाला. तू त्या निखाऱ्यांकडं बघितलंस आणि आम्हा सगळ्यांना विचारलंस, "का थांबला नाहीत?"

तात्या जमिनीकडं बघायला लागले. मी पुढं आलो तर एकानं काठी आडवी घातली, "कोण तुम्ही?" काठीचं काय, नाग्या, मला काठीपलीकडून ओरडता आलं असतं. थापांची उत्तरं तर ढिगानं सुचली. मावशीनं शेवटी तुझं नाव घेतलं आणि शांत झाली. डॉक्टर म्हणाले थांबू नका. पाऊस आला. एकही तुझ्यापुढं टिकलं नसतं. आणि खरं उत्तर मला देववेना.

तू राखेला हात लावायला वाकलास. दोरी ताणली. हात राखेच्या वर, वितीवर थांबला. शिपाई म्हणाला, "चला सर, टाइम झाला."

सर म्हणाला तो तुला. मावशीला मारलेल्या एवढ्या थापांपैकी तेवढी एक खरी निघाली.

आता ऐक, तू विचारलं होतंस म्हणून सांगतो. का थांबलो नाही? तू 'मित्र' म्हणालास म्हणून. तू त्या दिवशी मान हलवली असतीस, तर मी विचारलं असतं, तू म्हणाला असतास थांबा, आणि आम्ही थांबलो असतो. तुझ्या आईची राख तुला लांबून बघावी लागली ती तुझ्या चौथ्या शीलामुळं. हे मी जिवंतपणी तुला सांगितलं नाही. तू ऐकून घेतलं असतंस, चष्मा वर सरकवला असतास आणि म्हणाला असतास, "मग सांगितलं का नाहीस? हेच तर मी म्हणतोय." म्हणूनच नाही सांगितलं. आणि आता लिहिता लिहिता दुसरंही आठवतंय, की अख्ख्या जन्मात मला कुणी भर सरकारी कचेरीत, साहेबासमोर, मित्र म्हटलेलं नाही. तू सोडून. त्या एका शब्दासाठी मी आणखी चार खाल्ल्या असत्या. पण मावशीनं का खाव्यात?

तू दवाखान्यात गेलास, तोही कैदी म्हणूनच. निरोप कुणाला गेला? भास्करला. रक्ताचं नातं. शवागाराच्या दारात मलाही विचारलं, "तुम्ही कोण लागता?" एवढी जीभ चालते माझी, पण म्हणालो, "मित्र." "मग बाहेर बसा." बसलो. आतून तुला भास्करनं आणलं.

आणि निमगावात बघतो तर काय, भास्करच्या गळ्यातून हुंदके ट्रॅक्टरसारखे निघतायत. "माझा वाघ गेला!" चौकात फ्लेक्स. त्यावर तू टिकलीएवढा, आणि तुझ्याभोवती काळे चष्मे घातलेले शोकाकुल. तू आत असताना जे तुझं नाव निघालं की चहा अर्धा टाकून उठायचे, ते सगळे पहिल्या रांगेत. एक म्हणाला, तुझा विचार तालुक्याला दिशा देत राहील. त्यानं तुझं एक पान वाचलं असेल तर मी त्याला आजन्म फुकट मरळ खाऊ घालीन. दुसरा सारखा घड्याळ बघत होता, त्याला पुढं एक साखरपुडा होता.

भन्तेजींनी पंचशील सुरू केलं. चौथं आलं आणि मला खोकला आला. या वयातही. तात्यांनी उभं राहून मोठ्यानं विचारलं, "आणखी कुणी यायचंय का?"

साखरपुडावाला म्हणाला, "कुणी नाही, चला."

मी म्हणालो, "थांबा."

भास्करचे डोळे झटक्यात कोरडे झाले. "आता कोण ऱ्हायलंय, शहाजीराव?"

"मोठा माणूस यायचाय. नाव घेऊ नका म्हणालेत. गाडी भिगवणच्या पुढं आलीय."

नाग्या, तू बघायला पाहिजे होतंस! सगळ्यांनी सदरे खाली ओढले. साखरपुडावाल्यानं फोन करून साखरपुडा पुढं ढकलला. हार परत गोळा केले, मोठ्या माणसाच्या हातात द्यायला. ऊन असं, की टाचा भाजत होत्या. कुणी हललं नाही. "कोण असंल?" "मंत्री असणार." "मंत्र्याला काय, दिल्लीचं कुणीतरी हाय." मी एकच थाप मारली होती, पुढच्या त्यांनीच रचल्या. जे तुझ्या शेजारी उभं राहायला घाबरायचे ते तुझ्या उशाशी घामानं निथळत उभे होते. तुझ्यासाठी नव्हे. पण उभे होते. मावशीच्या वाटचं थांबणं मी त्यांच्याकडून काढून घेत होतो.

सगळे रस्त्याकडं बघत होते. मी एकटा तुझ्या तोंडाकडं. भीती होती मला, तुझा काही भरवसा नाही. तू अजून उठशील, हसशील, आणि सगळ्यांदेखत म्हणशील, "नाही. कुणी येणार नाही. हा माझा मित्र आहे, थापा मारतोय."

तू काही बोलला नाहीस.

म्हणून मी त्यांना आणखी थोडा वेळ थांबवलं.